मावसाजींची मांड

अख्ख्या इंदुरात बसता येणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. हे माझं म्हणणं नाही, त्यांचंच आहे. मी फक्त इतकी वर्षं ऐकून ऐकून ते मान्य केलं. बाकीचं शहर त्यांच्या मते बसत नव्हतंच. कोणी टेकत होतं, कोणी सांडलेलं होतं, कोणी खुर्चीवर वाळत घातलेलं होतं. बँकेतला कॅशियर, दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं, लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेले व्याही, कोणाचीही त्यांच्या हातून सुटका नव्हती. हळूच मागून यायचे, दोन बोटं पाठीच्या अगदी खालच्या मणक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "इथून बसा. तिथून नाही, इथून." माणूस दचकून ताठ व्हायचा. "ताठ नाही हो. ताठ तर विजेचा खांबही असतो. सरळ, पण सैल." मग तीच बोटं खांद्यावर यायची. "हे कशासाठी वर उचलून धरलंय? सोडा खाली, कोणी नेत नाही." एकदा एका मॅनेजरनं चिडून विचारलं, "आप हैं कौन?" मावसाजी शांतपणे म्हणाले, "खातेदार. पर पहले आप बैठ तो जाओ."

मावशीच्या नवऱ्याला आमच्या इंदूरच्या मराठीत मावसाजी म्हणतात. ते माझे एकटीचे मावसाजी असायला हवे होते, पण मल्हारगंजातल्या पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचेच होऊन बसले. अंगानं किरकोळ, मिशी पांढरी, पायात कायम कॅनव्हासचे बूट, आणि चाल थोडी फाकलेली, जणू आत्ताच कुठून तरी दौड मारून आलेत. प्रत्यक्षात ते एका सरकारी खात्यात आवक-जावकच्या टेबलावरून रिटायर झाले होते. घोडा त्यांनी पाळला नव्हता, रेसला कधी गेले नव्हते, घोड्याचं चित्रसुद्धा घरात नव्हतं. तरी त्यांच्या बोलण्यात घोडा पहिल्या वाक्याला नाही तर दुसऱ्याला यायचाच. हे जे बसणं ते जगाला शिकवत होते, त्याला त्यांचा शब्द होता मांड. घोड्यावर माणूस जिथे आणि जसा बसतो ती मांड. ती बसली की माणूस दिवसभर खोगिरावर राहील, त्याची कंबर दुखणार नाही आणि घोड्याची पाठही. नाही बसली, तर दोघांचेही हाल. मावसाजींच्या मते जगात जेवढी भांडणं होतात ती मांड न बसलेली माणसं करतात. ह्यावर मावशी म्हणायची, "मग आपल्या घरातली कोण करतं?"

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांच्या घरी टीव्हीसमोर सोफा असतो, तिथे एक घडवंची होती. पूर्वी गाद्या रचून ठेवायला असायची तसली लाकडी. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर घोंगडी आणि घोंगडीवर त्यांच्या वडिलांचं जुनं चामडी खोगीर, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या रिकिबींसकट. मावसाजी ह्या घडवंचीवर बसून पेपर वाचायचे, क्रिकेट बघायचे, भाजी निवडायला दिली तर तीही तिथेच निवडायचे. रिकिबीत पावलं, टाचा किंचित खाली, मांड्या सैल, मान सरळ, नजर घोड्याच्या दोन कानांच्या मधून पुढे. कान नव्हते, पण नजर तिथूनच जायची. रविवारी सकाळी आम्ही पोहे-जिलेबी घेऊन गेलो की ते वरूनच बशी घ्यायचे आणि एकही शेव खाली सांडायची नाही. त्यांना दुपारी झोप लागली तर मावशी खोगिरावर कुरडया वाळत घालायची. उठून बघायचे आणि एक एक कुरडई उचलून ताटात ठेवायचे. तेवढ्यावरून भांडले नाहीत ते कधी.

लुना चालवायचे तेव्हाही तोच प्रकार. त्यांची ठाम समजूत अशी की कुठलंही वाहन थांबवायचं तर आधी श्वास सोडायचा, मग खाली जड बसायचं, आणि तरी नाही थांबलं तर शेवटी ब्रेक. घोडा असाच थांबतो म्हणे. लुना थांबायची नाही. मल्हारगंजाच्या चौकात एकदा ते अत्यंत सैल, अत्यंत सरळ असे एका मटारवाल्याच्या ठेल्यात गेले. मटार रस्त्याभर. ठेलेवाला म्हणाला, "मावसाजी, ब्रेक नी है क्या?" मावसाजी मटारांत बसूनच म्हणाले, "है भिया, पर पहले साँस." कुठेही खरचटलं नव्हतं. अंग सैल असलं की लागत नाही, हे त्यांनी पुढे वर्षभर त्याच प्रसंगाचा दाखला देऊन सगळ्यांना पटवलं. मटार मात्र मावशीला विकत घ्यावे लागले, आणि आम्ही कितीतरी दिवस मटाराची उसळ, मटाराची कचोरी, मटाराचा भात असं खात राहिलो.

पण त्यांची खरी कीर्ती नवरदेवांमुळे. इंदुरात राहून आम्हा मराठी लोकांना जे काही लागलं त्यात घोडी पहिली. मुहूर्त गोरज असो की सकाळचा, नवरदेव घोडीवर आणि पुढे बँड, ह्यात तडजोड नाही. आणि नवरदेव म्हणजे कोण, तर दिवसभर कॉम्प्युटरसमोर मान घालून बसणारा, शेरवानीत कोंबलेला, जन्मात घोड्याला हात न लावलेला पोरगा. तो गुडघ्यांनी घोडीला चिमट्यासारखा धरून ठेवायचा, आणि मंडपापर्यंत पोचेतो त्याचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झालेला असायचा. मावसाजींना हे बघवत नसे. ओळखीतलं लग्न ठरलं की पत्रिकेची वाट न बघता ते मुलाला घरी बोलवायचे आणि घडवंचीवर चढवायचे. "बेटा, क्या है कि, गुडघा हा पकडायला नाहीये. गुडघा विसर. टाचेत जड हो. कंबर चालू दे, सूप पाखडताना तुझ्या आजीची चालते तशी. आणि जबडा सोड. जबडा आवळलेला माणूस खालपर्यंत आवळलेला असतो." जबडा सुटावा म्हणून त्यांचा एकच उपाय होता. पाढा. पाढा म्हणताना दात आवळता येत नाहीत आणि श्वास आपोआप चालू राहतो. आणि पाढाही कुठलाही चालत नसे. सतराचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. मी शाळेत गणित शिकवते. मला वाटायचं, बरंय, तेवढीच माझ्या विषयाची जाहिरात.

माझा नवरा पुण्याचा. इंदूरच्या मुलीशी लग्न करायचं म्हणजे गोड फार खावं लागेल इतपत त्याची तयारी होती, घोडीची नव्हती. लग्नाच्या सकाळी मावसाजी जानवसघरी हजर. पाव्हणे चहा पीत होते. त्यांच्यादेखत ह्यांना लुनावर मागे बसवून ते घेऊन गेले. सासूबाईंना वाटलं, इकडची काही पद्धत असेल. तास-दीड तासानं माणूस परत आला तो कमरेवर हात धरून, पण काहीसा विचारात पडलेला. वरातीत बँड दणदणत होता, माझे चुलतभाऊ नाचत होते, आणि हे घोडीवर डोळे अर्धवट मिटून काहीतरी पुटपुटत होते. त्यांच्या आत्याबाईंनी बघितलं आणि खालूनच हात जोडले. "किती श्रद्धाळू आहे आपला अनिकेत," म्हणाल्या. त्याच वेळी कोणीतरी घोडीच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली. घोडी बाजूला उसळली, आत्याबाई किंचाळल्या, घोडीवाला लटकला. आणि अनिकेत आपले घरच्या आरामखुर्चीत बसावं तसे जागच्या जागी. नुसतं "पंच्याऐंशी" एवढंच जरा मोठ्यानं ऐकू आलं. गर्दीतून मावसाजींनी माझ्याकडे बघितलं आणि बोटानं खूण केली, पास. आजही दाताच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे झुकली की हा माणूस सतराचा पाढा म्हणतो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी लहानपणापासून बघत आले होते. नवरदेव बसायच्या आधी मावसाजी स्वतः घोडीवर चढून बघायचे, पोटाखालचा तंग नीट कसलाय का, खोगीर एका बाजूला कललंय का. घोडीवाला सलीम भिया लगाम धरून उभा असायचा. मावसाजी क्षणभर डोळे मिटून बसायचे आणि उतरायचे. लगामाला त्यांचा हात कधी लागत नसे. एकदा सलीम भिया गमतीनं म्हणाला, "मावसाजी, आज आप ही ले चलो," आणि त्यानं लगाम पुढे केला. तर औषध नको असलेलं मूल करतं तसे मावसाजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाही नाही. अजून मला कोणी सांगितलेलं नाही," म्हणाले. सलीम भियाला काही समजलं नाही. आम्हा घरच्यांना समजलं, आणि आम्ही उगाच बँडवाल्यांकडे बघत बसलो.

गोष्ट अशी होती. मावसाजींचे वडील संस्थानच्या रिसाल्यात सवार होते. संस्थान गेलं, रिसाला मोडला, वडिलांना एका कचेरीच्या दाराशी स्टूल मिळालं. एक म्हातारीशी घोडी मात्र त्यांच्याकडे राहिली. सकाळी कचेरीच्या आधी ते तिला नदीकाठच्या मोकळ्या जागेत न्यायचे आणि पोराला तिच्यावर बसवायचे. नुसती घोंगडी, रिकीब नाही, लगाम नाही. पोराचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या डोक्यावर. वडील मधे उभे, त्यांच्या हातात लांब दोरी, आणि घोडी गोल गोल फिरायची. तोंडानं पाढे म्हणायचे, म्हणजे जबडा सुटतो आणि शाळेचा अभ्यासही होतो. पोरगं रोज विचारायचं, "बाबा, लगाम कधी?" आणि वडील रोज एकच सांगायचे, "मांड बसेपर्यंत लगाम मिळत नसतो. बसली की मी सांगेन." दोनापासून सुरू झालेले पाढे सतरापर्यंत आले, आणि घोडी विकावी लागली. स्टुलावर बसून माणसाचं पोट भरतं, घोडीचं भरत नाही. सियागंजात पोती वाहणाऱ्या एका टांगेवाल्यानं ती घेतली. पुढे कधी तो टांगा समोरून आला की वडील वाट वाकडी करून दुसऱ्या गल्लीनं जायचे. पोरगं मात्र शाळा सुटली की टांग्याच्या बाजूनं सियागंजाच्या टोकापर्यंत चालत जायचं. टांगेवाल्याला वाटायचं, पोराला फुकट बसायचंय. तो म्हणायचा, बैठ जा. हे बसायचे नाहीत.

वडील गेले त्या वर्षी, आजारपणात, मावसाजींनी त्यांना विचारलं होतं. तेव्हा ते स्वतः दोन मुलांचे बाप होते. "बाबा, बसली असती का हो माझी मांड?" वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "घोडीशिवाय कसं सांगू?" बस. त्यावर तो विषय संपला, म्हणजे वडिलांपुरता. मावसाजींनी दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं खोगीर काढलं, त्याला तेल लावलं आणि घडवंचीवर चढवलं. तेव्हापासून सराव चालू. इतरांना शिकवणं हे सगळं त्या सरावातूनच उगवलेलं. पाढा मात्र सतराच्या पुढे गेला नाही. मी एकदा, लहान होते तेव्हा, म्हटलं होतं, मावसाजी, आता अठराचा म्हणा ना. तर म्हणाले, "सतराचा पास झालो की म्हणीन बेटा." आणि पुन्हा सतरा एके सतरा. आम्ही सगळे म्हणायचो, अहो, घोडी भाड्यानं मिळते, लगाम घ्या आणि फिरा मनसोक्त, कोण अडवतंय? ते हसायचे. लगाम कोणीही घेऊ शकतो हे त्यांना समजत होतं. त्यांना तो कोणीतरी द्यायला हवा होता, आणि देणारा माणूस गेलेला होता. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आम्हा कोणाकडून त्याला देता आली नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग त्यांचा खुबा दुखायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढले, हाड झिजलंय म्हणाले, पाय फाकवून बसणं बंद करा. "ऑपरेशन?" मावशीनं विचारलं. ह्या वयात, हृदय कमजोर असताना, नको म्हणाले. मावसाजी घरी आले आणि घडवंचीकडे न बघता तिच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी समोर होते. त्यांचे खांदे वर आले होते, पाठ खुर्चीत मुरडली होती, हनुवटी छातीवर. आयुष्यभर ज्याला ते सांडलेला म्हणायचे तसा माणूस. मावशी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिनं कप त्यांच्या हातात दिला आणि रात्री मला फोन केला. "उद्या शाळेत सुट्टी टाक. गाडी घेऊन ये सकाळी."

"कुठे जायचंय?"

"घोडीकडे," मावशी म्हणाली. "आणि तुझे ते कॅनव्हासचे बूट आण माझ्यासाठी. चपलांनी घसरते मी."

माझ्या मावशीबद्दल सांगायला हवं. ह्या बाईनं घोड्याविषयी आयुष्यात एक चांगला शब्द काढला नव्हता. लग्न झाल्यावर सिनेमाला नेलं नाही पण घोडेबाजाराला नेलं, हे ती आल्या-गेल्याला सांगायची. घडवंचीला ती सवत म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर ती लग्नाकार्याची मोरपंखी रेशमी साडी नेसून तयार, आणि मावसाजी कानटोपी घालून, नक्की काय चाललंय ह्याचा अंदाज घेत. "अगं, डॉक्टर काय म्हणाले?" ते म्हणाले. "डॉक्टरांनी सराव बंद करायला सांगितलाय," मावशी म्हणाली. "आज सराव नाहीये." कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांच्या पलीकडे, नदीच्या अंगाला सलीम भियाचा तबेला आहे, आणि त्याच्यामागे थोडी मोकळी जागा. थंडीची सकाळ होती, धुकं नदीवरून पूर्ण उठलं नव्हतं. सलीम भियानं सवयीनं बिजलीला, म्हणजे त्याच्या घोडीला, झालर, गोंडे, कपाळावर आरशांची पट्टी असं सगळं चढवून उभं केलं होतं. मावशीनं एक एक करून ते सगळं उतरवायला लावलं. जाड्या नवरदेवांसाठी त्याच्याकडे पायऱ्यांचं स्टूल असतं, त्यावरून मी आणि सलीम भियानं मावसाजींना वर चढवलं. खुब्यातून कळ आली असणार, कारण त्यांचा ओठ दाताखाली गेला. मग हळूहळू सुटला.

"दोरी माझ्याकडे द्या," मावशी म्हणाली. लगाम घोडीच्या मानेवर पडून होता. मोहरकीला, म्हणजे घोडीच्या तोंडावरच्या पट्ट्याला, बांधलेली दोरी तिनं हातात घेतली. "मावसीजी," सलीम भिया काळजीनं म्हणाला, "ये बिगर बाजे के नी चलती." आणि खरंच, बिजली चालेना. मावशीनं ओढलं, चुचकारलं, सलीम भियानं टिचकी वाजवली, बिजली उभी. जन्मभर बँडमागे चाललेली घोडी ती, तिला शांततेत कुठे जायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी मोबाइलवर बँडची एक धून शोधून लावली. त्याबरोबर बिजली जागच्या जागी नाचायला लागली, एकदा डावा पाय, एकदा उजवा पाय, मधूनच मान झटकून. मावसाजी वर निवांत बसून होते, पण म्हणाले, "बंद कर बेटा, हा बाजार नको आज." मी बंद केलं. बिजली पुन्हा उभी. आता मावशीचा पारा चढला. "बसा दोघं इथेच," असं म्हणून तिनं पाठ फिरवली आणि तरातरा चालायला लागली, दोरी हातात आहे हे विसरूनच. आणि बिजली तिच्यामागे निघाली. रेशमी साडी नेसलेली बाई पुढे चाललीय म्हणजे वरात निघाली, एवढं त्या घोडीला समजत होतं.

मावशीनं मागे वळून बघितलं आणि चालणं थांबवलं नाही. दोरी सैल, पायात माझे बूट, मोरपंखी पदर खांद्यावर, आणि मागे घोडी. त्या मोकळ्या जागेला ती गोल फेरी घालत होती. मी बघत होते; मावसाजींचे दोन्ही हात सावकाश वर गेले आणि डोक्यावर, कानटोपीवर, जाऊन बसले. डोळे मिटले. टाचा खाली आल्या, पाठ सरळ झाली, खांदे उतरले. आणि पाढा सुरू झाला. सतरा एके सतरा. हा पाढा मी हजारदा ऐकलाय, शाळेत दर वर्षी घोकून घेते, पण असा कधी ऐकला नव्हता. घाई नाही, हेल नाही, घोडीच्या पावलाबरोबर एकेक आकडा. त्यांचा आवाज लहान झाल्यासारखा वाटला मला. सतराचा पाढा संपला तिथे मावशी थांबली. घोडी थांबली. मावशी वळली आणि तिनं मावसाजींना खालून वर बघायला सुरुवात केली, ते लोकांना बघायचे अगदी तसंच. टाच. गुडघा. कंबर. खांदे. जबडा.

"बसली," ती म्हणाली.

मावसाजींनी डोळे उघडले. "काय?"

"मांड. बसली. घ्या लगाम."

"तुला काय समजतं त्यातलं?" ते म्हणाले, पण आवाज भांडणाचा नव्हता.

"तुमच्या वडिलांनी तुम्हाला दोरीच्या टोकाशी पाहिलं ते सतरापर्यंत," मावशी म्हणाली. "मी ते गेले त्या वर्षापासून पाहतेय, रोज, माझ्या बैठकीच्या खोलीत, माझ्या कुरडया सरकवून. मला नाही समजणार तर कोणाला? त्यांचं सांगायचं राहून गेलं. मी सांगतेय. घ्या."

मावसाजींचे डोक्यावरचे हात खाली यायला वेळ लागला. मग त्यांनी घोडीच्या मानेवरून लगाम उचलला, दोन्ही हातांत धरला, अगदी हलका. मावशीनं मोहरकीची दोरी सोडून घेतली आणि बाजूला झाली. मावसाजींनी मोठा श्वास घेतला, आणि त्यांच्या तोंडून आलं, "अठरा एके अठरा." मला रडू आलं, आणि ते मी आवरलंही नाही. सलीम भिया घाबरून माझ्याकडे आला. "क्या हुआ, मैडम? दर्द हो रिया क्या उनको?" मी म्हटलं, "कुछ नहीं भिया. पास हो गए." बिजली तेवढ्यात स्वतःच चालायला लागली होती आणि सरळ मावशीच्या मागे जाऊन उभी राहिली होती. लगाम मावसाजींच्या हातात होता. त्यांनी तो ओढला नाही, वळवला नाही. मावशी पुन्हा चालू लागली, आणि त्यांनी तिच्यामागे अठराचा पाढा पूर्ण केला.

त्यानंतरच्या थंडीत मावसाजी गेले. शेवटचे काही महिने ते प्लास्टिकच्या खुर्चीतच बसायचे, पण सांडलेले नाही. सरळ आणि सैल. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "अठराचा चालू आहे माझा." त्यांच्या जाण्यानं इंदुरातलं बसणं बिघडलं असं मला खरंच वाटतं. रस्त्यात वरात अडली आणि घोडीवर गुडघे आवळलेला नवरदेव दिसला की मी गाडीची काच खाली करते, आणि मग काय बोलायचं ते सुचत नाही, काच पुन्हा वर करते. दोन बोटं पाठीवर कधी येतील ह्याची सवय इतकी आहे की वह्या तपासताना मी मधूनच आपणहून सरळ होते. पण ते आपणहून होणं निराळं. मागे कोणी नसतं.

माझी कंबर अलीकडे फार धरते. शाळेत उभं राहून राहून आणि घरी वह्यांवर वाकून वाकून. मावशीकडे रविवारी गेले तर घडवंची तशीच होती, खोगिराला तेल लावलेलं. मी सहज म्हटलं, "मावशी, मी बसून बघू?" ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "रिकिबी काढून टाक आधी. हात डोक्यावर." मी चढले. हात डोक्यावर ठेवले. "पाढा," ती म्हणाली. मी सतराचा सुरू केला तर तिनं थांबवलं. "तो नाही. दोनापासून." इतकी वर्षं गणित शिकवलेल्या मला त्या बाईनं बे एके बे म्हणायला लावलं. पाढा संपला तेव्हा तिनं शेंगा बाजूला ठेवल्या, चष्मा लावला, आणि मला टाचेपासून जबड्यापर्यंत नीट बघितलं.

"नाही बसली अजून," ती म्हणाली. "खांदे वर आहेत. पुढच्या रविवारी ये."

मी दर रविवारी जाते. पोहे-जिलेबी नेते. मावशी शेंगा सोलते, मी वर बसते, आणि ती दर वेळी नाही बसली म्हणते. सध्या माझा अकराचा पाढा चालू आहे, आणि मला मुळीच घाई नाही.